डॉक्टर मागणारा मंडप

माणसं एका जागी रोज बसायला लागली की गोष्टी आपोआप साठतात. तहसील कचेरीसमोरच्या आमच्या मंडपात तर इतक्या साठल्या, की आता बाजारात कुणी भेटलं तरी पिशवी खाली ठेवून म्हणतं, "अक्का, ती कावळ्याची सांगा", "अक्का, ती फौजदाराची सांगा." सांगते मी. सांगायला मला कुणाची चोरी आहे? पण हसणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. आम्ही तिथं गंमत म्हणून बसलो नव्हतो. आमच्या गावच्या सरकारी दवाखान्याला डॉक्टर नव्हता, आणि काशीच्या लेकीला, सुनीला, दुसऱ्यांदा दिवस गेले होते.

पहिल्या खेपेचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. धारूरच्या डोंगरात आमचं गाव. दवाखाना नवा कोरा, गुलाबी रंगाचा, फीत कापलेला. आत खाट आहे, फळा आहे, डॉक्टरची खुर्ची आहे. डॉक्टर नाही. सुनीच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा दाराला कुलूप होतं. मग जीप केली, अंबाजोगाईला निघाले, आणि घाटातच लेकरू गेलं. काशी ते पदरात घेऊन माघारी आली.

ती पाटलाच्या आळीतली, मी विहाराच्या आळीतली. एरवी आमचं बोलणं बांधावरून बांधावर. पण सुनीला पुन्हा दिवस गेल्याचं कळल्यावर ती थेट माझ्या दारात आली. उभ्या उभ्याच म्हणली, "अक्का, तुला वाचता येतं. डॉक्टर कसा मागायचा, ते कुठं लिवलंय का?"

मी शाळेत गेले नाही. लेकरांच्या पुस्तकावरून अक्षर अक्षर लावत शिकले, मग पेपर, मग घटनेचं पुस्तक. म्हणलं, "लिवलंय. बस आधी."

*

पहिलं भांडण पहिल्याच दिवशी झालं. मी म्हणलं, ठाण्यात अर्ज द्यायचा. कुठं बसणार, किती जण बसणार, माईक लावणार का, सगळं सांगायचं.

बंडू उसळला. बंडू म्हणजे काशीच्या दिराचा पोरगा, सुनीचा चुलतभाऊ. मनाचा चांगला, पण डोकं कायम तापलेलं. "ज्यांच्या विरोधात बसायचं त्यांचीच परमिशन? अक्का, ही तर सासूला विचारून पळून जायची गत झाली!"

सगळे हसले. मंडप अजून उभा राहायचा होता. मंडप म्हणजे तरी काय, चार बांबू आणि लग्नात वापरून विटलेलं कापड.

मी म्हणलं, "पळून जायचं न्हाई म्हणून तर विचारायचं. आपल्याला हितंच नांदायचंय!"

*

नवा फौजदार आला, तरणाताठा. आल्या आल्या म्हणला, "आजी, माईक बंद करा. पलीकडं शाळेत परीक्षा चालू हाय."

मला राग आला. म्हणलं, "कलम एकोणीस वाचलंय का? शांतपणे, शस्त्राशिवाय जमायचा हक्क हाय आमाला."

"वाचलंय," तो म्हणला. "तुमी त्याच्या खालचं वाचलं का? वाजवी बंधनं घालता येतात, असं त्याच कलमात लिवलंय."

घरी गेले, चष्मा लावला, बघितलं. होतं की!

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात गेले. "साहेब, तुमचं बरोबर हाय. परीक्षा संपेपर्यंत माईक बंद."

तो खुर्चीतून उठलाच. "आजी, ठाण्यात येऊन 'तुमचं बरोबर हाय' म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघायलोय."

म्हणलं, "तुमचं बरोबर असायची वेळच कमी येत आसंल!"

*

आमदार येणार म्हणल्यावर बंडूनं शाईची बाटली आणली. खिशातनं टोपण दिसत होतं. आमदाराच्या तोंडावर टाकायची, फोटो काढायचा, मग सरकारला जाग येते म्हणे.

मी हात पुढं केला. "आण इकडं."

"कावून?"

"ह्या माणसाला मी मत दिलं न्हाई, आन् जन्मात देणार न्हाई. पण गावानं दिलंय. गावानं निवडलेल्या तोंडाला काळं फासलं की ते गावाच्या तोंडाला लागतं. तुला शाई लावायचीच आसंल तर मतदानाच्या दिशी बोटाला लाव, आन् पाड त्याला!"

बाटली दिली त्यानं. पण माझ्याकडं न बघता दिली.

आमदार आला, सतरंजीवर बसला, लोकांनी फोटो काढले. म्हणला, "मावशी, डॉक्टरची भरती माझ्या हातात नसती. ती वरनं होती."

काशी तोवर मंडपात कधी बोलली नव्हती. तिनं विचारलं, "वर म्हंजी कुठं, साहेब?"

आमदारानं बोट वर केलं. सगळ्यांनी माना वर केल्या. कापडाला भोक पडलं होतं, त्यातनं आभाळ दिसत होतं.

काशी म्हणली, "तिथला तर आमचं एक लेकरू घिऊन बसलाय. त्याला आनखी काय मागू?"

आमदार चहा न घेताच उठला.

*

आता ती कावळ्याची.

आमच्याकडं आंदोलन जुनं झालं की सरकारचं तेरावं घालायची रीत आहे. कुणीतरी डोकं भादरतं, कुणीतरी गळा काढून रडतं, पिंड ठेवतात, पेपरवाले येतात. आमच्यात हे पिंड-बिंड नाही, मला ते पटतही नाही. पण कायद्यात बसतं, कुणाच्या अंगाला हात लागत नाही, म्हणून मी गप्प बसले.

बंडूनं डोकं भादरलं. कचेरीच्या कडेला पत्रावळीवर भाताचा पिंड ठेवला. आता कावळा शिवायला वेळ लागणार, मग आपण हात जोडून म्हणायचं, "सरकारची इच्छा राहिली, डॉक्टर द्यायची इच्छा राहिली!" असा सगळा बेत. भाषणसुद्धा पाठ केलं होतं.

हात जोडायच्या आत कावळा आला. एक नाही, तीन आले. अर्धा पिंड घेऊन लिंबावर जाऊन बसले!

बंडू भादरल्या डोक्यानं बघतच राहिला. फौजदार म्हणला, "बंडोपंत, सरकार लई समाधानानं गेलं की!"

बाया लोळून हसल्या. पेपरवाला हसून हसून फोटो काढायचा विसरला. मी काशीकडं बघितलं, तर ती जागेवर नव्हती. पाण्याच्या टाकीमागं उभी होती, तोंडाला पदर लावून.

"काय झालं गं?"

"काय न्हाई, अक्का. आमच्या लेकराचं काहीच केलं न्हाई ना. एवढ्या बारक्याचं करत न्हाईत म्हणले. त्याला कावळ्याला काय सांगायचं व्हतं, ते कळलंच न्हाई."

ही कावळ्याची गोष्ट लोक अर्धीच ऐकतात.

*

मग जिल्ह्यात कुठंतरी दगडफेक झाली आणि कलेक्टरचा हुकूम निघाला. जमावबंदी. पाच किंवा जास्त माणसांनी जमायचं नाही.

बंडू म्हणला, "मोडू हुकूम. आत टाकू द्या समद्यांना."

मी म्हणलं, "हुकूम चुकीचा वाटतो तर वकिलाकडं जाऊ, कोर्टात जाऊ. कोर्ट मोडंपर्यंत हुकूम पाळायचा. पण धरणं बी सोडायचं न्हाई."

"हे कसं जमायचं?"

"पाच नको म्हणतेत ना? चार बसू."

तसं बसलो! सतरंजीवर चार, बाकीची माणसं एकेकटी पांगलेली. एक टपरीवर, एक झेरॉक्सच्या दुकानात, एक बसस्टँडवर. एकानं उठायचं, मग दुसऱ्यानं यायचं. कुणाला लघवीला जायचं असलं तरी टपरीकडं खूण करावी लागायची. काशी मात्र उठायची नाही. बाकीचे तिघं बदलायचे, ती चौथी कायम.

दुपारी फौजदार आला. ऊन लई होतं. बिचारा घामानं भिजलेला. चपला काढून सतरंजीवर टेकला आणि म्हणला, "आजी, पाणी द्या वाईच."

मी तांब्या दिला. पिऊ दिलं. मग म्हणलं, "साहेब, उठा आता."

"का हो?"

"आमी चार हाव. तुमी पाचवे!"

तांब्या हातात घेऊन उठला तो. बाहेर उन्हात उभा राहिला, आणि तिथनं हसला. त्या दिवसापासून तो आला की बाहेरच उभा राहायचा. मग आम्हीच कुणीतरी उठून त्याला सावलीत जागा द्यायला लागलो.

*

बाळंतपणाला सुनी माहेरी आली. नवव्यात होती. एकदा मंडपात आली, आईचा डबा घेऊन. तोवर जमावबंदी उठली होती, मंडप भरलेला होता. सगळ्या बाया तिच्या पोटाकडं बघायच्या आणि नजर वळवायच्या. सुनी हसून म्हणली, "अशा काय बघायलात? मी काय निवेदन हाय व्हय?"

निवेदनं आमची लई झाली होती. तहसीलदार घ्यायचे, फोटो निघायचा, कागद वर जायचा. मध्ये तहसीलदारांची ट्रान्सफर झाली, नवे आले, त्यांनी विचारलं, "मागणी काय आहे?" पुन्हा पहिल्यापासून. मुंबईला मंत्र्याला पाठवलं. जिल्हा परिषदेत गेलो. वकिलानं कोर्टात अर्ज टाकला, त्याची तारीख पुढं गेली.

त्या दिवशी सुनी गेल्यावर बंडू माझ्यासमोर येऊन बसला. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं.

"अक्का, तुमच्या कायद्याला थांबायला येतं. पोटातलं लेकरू थांबत न्हाई."

मी म्हणलं, "कायदा माझा एकलीचा न्हाई. तुझा बी हाय."

"मग माझ्या वाटणीचा मी मोडला तर?"

"तुझ्या वाटणीचा मोडत न्हाई बाबा. मोडला की समद्यांचा मोडतो."

"तुमी लई चांगलं बोलता," तो म्हणला. "डॉक्टरपेक्षा चांगलं बोलता."

उठला आणि गेला. त्याच्या मागं मंडपातली सगळी तरणी पोरं गेली. उरलो आम्ही म्हाताऱ्याकोताऱ्या आणि काशी. मी काशीला म्हणलं, "तुला बी जायचं आसंल तर जा. पुतण्या हाय तुझा." ती म्हणली, "त्यो तापलाय. तापल्या माणसाच्या मागं मी न्हाई जात. तू डोकं थंड ठिवून सांग, आनखी काय करायचं ऱ्हायलंय?"

*

सुनीच्या कळा सकाळी सुरू झाल्या. दवाखान्यात नर्स होती, नशीब. तिनं तपासलं आणि म्हणली, "इथं नाही जमणार, लगेच हलवा." अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेली होती. जीप केली. मागं सुनी, तिचं डोकं माझ्या मांडीवर, पायाशी काशी.

घाटात लागलो आणि जीप थांबली. पुढं उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्यांचे. त्यांच्या पुढं ट्रक, त्यांच्या पुढं काय ते दिसत नव्हतं. जीपवाला उतरून विचारून आला. "रास्ता रोको हाय. पोरांनी टायर पेटवलेत."

अर्ज दिला नव्हता, कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आम्ही घाटानं गेलोच नसतो, दुसऱ्या रस्त्यानं वळसा घेतला असता. आता मागंही गाड्या लागल्या. वळायला जागा राहिली नाही.

काशी खाली उतरली. चप्पल हातात घेतली आणि ट्रॅक्टरांच्या कडेनं चढावर पळत सुटली. त्या वयात! सुनी विचारत होती, "आई कुठं गेली? अक्का, आई कुठं गेली?" मी म्हणत होते, "आली आत्ता, आली."

वर भोंगा लावलेला होता. त्यातनं बंडूचं भाषण ऐकू येत होतं. सरकार असं, सरकार तसं, खाली खेचू. मग तो एकदम थांबला, आणि त्याचा आवाज बदलला. खूश झाला होता तो.

"मित्रांनो, माझी काकू आली! एवढा घाट चढून आली! ये काकू, तुझ्याच डॉक्टरसाठी अडवलाय रस्ता. आता काकू बोलंल!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. माईक खरखरला. त्यात आधी नुसती धाप ऐकू आली. मग सगळ्या घाटाला ऐकू आलं,

"बंडू, मागं जीपमधी सुनी हाय."

भोंगा बंद झाला.

टायर विझवायला, दगड बाजूला करायला वेळ लागला नाही. बंडूनं जळतं टायर हातानं ओढलं म्हणतात. पण तोवर वरच्या आणि खालच्या गाड्या घाईघाईनं पुढं घुसून समोरासमोर आल्या होत्या. ऊस भरलेली ट्रॉली घाटात मागं घेता येत नाही. रस्ता उघडला होता आणि रस्ता बंद होता. बंडू एकेका ड्रायव्हरच्या पाया पडत आमच्यापर्यंत आला. जीपच्या खिडकीत त्याचं तोंड दिसलं. सुनीनं ते बघितलं आणि मान फिरवली.

सुनी वाचली. लेकरू नाही वाचलं. मुलगी होती.

*

बंडू अंबाजोगाईहून थेट ठाण्यात गेला. हाताला पट्टी. फौजदारासमोर उभा राहिला. "रस्ता मी अडवला. ल्ह्या गुन्हा."

फौजदार म्हणला, "बस आधी. पाणी पी."

"बसत न्हाई. ल्ह्या."

"बरोबर कोण कोण व्हतं?"

"मी व्हतो."

फौजदारानं लिहिलं. मला त्यानंच सांगितलं हे. म्हणला, "आजी, त्याला विचारलं, जामिनाला कुणाला बोलवू? तर म्हणला, अक्का येत्याल का विचारा."

गेले मी. सही केली. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना तो म्हणला, "अक्का, एखादी शिवी तरी द्या."

मला एकही आठवली नाही. आणि मला किती येतात ते गावाला विचारा!

*

सुनीला सासरी नेलं. काशी मंडपात यायला लागली, आपल्या जागेवर बसायला लागली. कुणी तिला "घरी बस" म्हणलं नाही. म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आणि ऑर्डर निघाली. डॉक्टरची!

पोरं म्हणतात, रस्ता अडवला म्हणून निघाली. म्हाताऱ्या म्हणतात, मंडपानं निघाली. आमदार म्हणतो, त्यानं काढली, तसा बोर्डही लावलाय चौकात. वकील म्हणतो, कोर्टाची तारीख जवळ आली होती. मला विचारतात, "अक्का, कशानं निघाली?" मी सांगत नाही. बंडूसमोर तर हा विषय मी कुणाला काढूच देत नाही.

आम्ही मंडप सोडला. बांबू उपटले, खड्डे बुजवले, झाडून घेतलं, ठाण्यात कळवलं की धरणं संपलं.

डॉक्टर आली, बाई आहे, लातूरकडची, तरणी. पहिल्या दिवशी सगळं गाव दवाखान्यात. कुणाचा गुडघा, कुणाचा खोकला, कुणाला नुसता पंख्याखाली बसायचा शौक. काशी सकाळीच येऊन रांगेत बसली होती. न्हालेली, धुतलेलं लुगडं नेसलेली. मी विचारलं, "काय होतंय गं?" तिनं नुसतं सरकून जागा केली. मी तिच्याशेजारी बसले.

तिचा नंबर आला. मी पण आत गेले तिच्याबरोबर. डॉक्टरीणबाईनं खुर्ची दाखवली, हसली, गळ्यातली नळी कानाला लावली.

"बोला मावशी. काय त्रास होतोय?"

"काय बी न्हाई."

"अंगदुखी? ताप? झोप?"

"न्हाई."

"मग कशासाठी आलात?"

काशी तिच्याकडं बघत राहिली. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश. पांढरा कोट, नळी, हातातलं घड्याळ, पायातल्या सपाता.

"तुमी कशा दिसता," ती म्हणली, "तेवढंच बघाया आलते."